गुडघ्याच्या वाटणीचं गरम पाणी

मैत्रिणींनो, तुमच्या घरी सकाळचं गरम पाणी कोणत्या क्रमानं संपतं, ते कधी पाहिलंय का? आधी सासरे, मग कामावर जाणारे ‘हे’, मग शाळेची घाई झालेली मुलं. आपली पाळी येते तेव्हा उरतं ते कोमट पाणी, आणि तेही एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून अंगावर घ्यायचं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, घराची घडीच तशी बसलेली असते. पण ज्या बाईचे गुडघे, कंबर किंवा खांदे बोलायला लागले आहेत, तिनं ही घडी थोडी विस्कटायला हवी. म्हणून आज पाण्याच्या उपचाराबद्दल चार गोष्टी सांगते. काही वाचलेल्या आहेत, काही स्वतः करून पाहिलेल्या.

मी मेहकरला राहते. घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. चार तास फळ्यापुढे उभं राहायचं, घरी येऊन ओट्यापुढे उभं राहायचं, आणि भाकरी थापायच्या त्या मात्र खाली बसून, कारण सासूबाईंना तशाच भाकरी आवडतात. वयाच्या सदतिसाव्या वर्षी उजवा गुडघा दुखायला लागला. सकाळी उठल्यावर तो लाकडासारखा वाटायचा. शाळेचा जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं, आणि उकिडवं बसलं की उठताना तोंडातून ‘आई गं’ निघायचंच.

घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं! “चालायचंच. आता वय झालं.” सदतीस हे काय वय झालं? पण बाईच्या दुखण्याला वय हे कारण फार लवकर मिळतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे झाला. गुडघ्याची झीज नुकती सुरू झाली होती. पण डॉक्टरांनी झिजेपेक्षा जास्त बोट ठेवलं ते मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. ते कमजोर झाले, की अंगाचा भार सरळ सांध्यावर येतो. त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, “गरम पाण्याच्या तलावात व्यायाम करता आला तर फार छान.” मला हसू आलं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळ आला की सणासारखी धावपळ होते, तिथे व्यायामाला गरम पाण्याचा तलाव कुठून आणायचा? ताईही हसल्या आणि म्हणाल्या, “मग बादलीपासून सुरू करा.”

पाण्यानं नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ. पाणी दोन प्रकारे उपयोगी पडतं. पहिला उपयोग उबेचा. उबेनं तिथला रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात आणि दुखणं तेवढ्यापुरतं कमी जाणवतं. दुसरा उपयोग तरंगण्याचा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर अंगाचा सुमारे निम्माच भार येतो. गळ्याइतक्या पाण्यात तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून जो गुडघा जमिनीवर वाकायला कुरकुरतो, तो पाण्यात मुकाट्यानं वाकतो. बादलीतून तरंगण्याचा फायदा मिळत नाही, ऊब मात्र मिळते. हा फरक लक्षात ठेवला, म्हणजे बादलीकडून नको ती अपेक्षा राहत नाही.

पाण्याचे उपचार काही आजचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रिस्निट्झ नावाच्या शेतकऱ्याच्या मुलानं आणि पुढे क्नाइप नावाच्या जर्मन पाद्र्यानं गार-गरम पाण्याचे उपचार लोकप्रिय केले. लुई कुने यांचं कटिस्नान आपल्याकडे पोचलं, त्याला एक मोठं कारण म्हणजे गांधीजी. त्यांनी हे प्रयोग स्वतःवर आणि घरच्यांवर केले. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यातही पाण्यावर वेगळं प्रकरण आहे. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले, तिथे गावातल्या गरीब रोग्यांवर निसर्गोपचार सुरू केले, आणि पुढचं काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. मणिभाईंनी सारं आयुष्य त्या गावाला दिलं. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उरुळीचा निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. पुण्यात ज्या डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत, तिथे १९८६ पासून राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. या सगळ्यात मला भावलं ते एवढंच, की माती, पाणी, ऊन आणि हवा या गरिबालाही परवडणाऱ्या गोष्टी आहेत, हा गांधीजींचा आग्रह होता. आता पाणीही फुकट राहिलं नाही, ही गोष्ट वेगळी!

आपल्याकडच्या बायका मात्र याच्या कितीतरी आधीपासून उन्हाळ्यांवर जात आल्या आहेत. उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूर, उनपदेव ही नावं तुम्ही ऐकली असतील. आमच्या मेहकरवरून जी पैनगंगा वाहते, तिच्याच खालच्या अंगाला नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला उनकेश्वर आहे. रामानं शरभंग ऋषींसाठी बाण मारून तिथलं पाणी काढलं, अशी कथा सांगतात. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो, तेव्हा आम्ही वाट वाकडी करून तिथे जाऊन आलो. पाण्याला गंधकाचा वास येतो. मी पाय सोडून बसले आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी गुडघा आहे हे विसरायला झालं. शेजारी बसलेली एक आजी म्हणाली, “देवाचं पाणी हाय माय, आजार घेऊन जाते.”

आजार काही गेला नाही. परतीच्या प्रवासात तीन तास बसून उतरले, तर गुडघा पुन्हा लाकूड. पण माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दुखणं थोडा वेळ मागे सरतं, हे खरं. मग त्या थोड्या वेळाचं आपण काय करतो, यावर सगळं आहे. नुसतं बसून राहिलो तर ऊब गेली की दुखणं परत. त्या सैल झालेल्या वेळात स्नायूंना काम दिलं, तर मात्र हाती काहीतरी उरतं.

आजचं संशोधनही साधारण हेच सांगतं. कॉक्रेन नावाच्या संस्थेनं २०१६ साली पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज झालेले ११९० रुग्ण होते. निष्कर्ष असा, की दुखणं आणि हालचाल यांत फायदा होतो, पण तो थोडा आणि थोड्या काळापुरता. तेव्हा कुणी ‘पाण्यानं सांधे नव्यासारखे करून देतो’ म्हणालं, तर पर्स घट्ट धरा. झिजलेली कूर्चा पाण्यानं भरून येत नाही.

आता मी घरी काय करते ते सांगते. दुपारी शाळेतून आल्यावर, पोट फार भरलेलं नसताना, खुर्चीवर बसायचं. बादलीत पोटऱ्या बुडतील इतकं गरम पाणी घ्यायचं. किती गरम? बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून पाहतो ना, तसंच पाहायचं. कोपराला छान ऊब वाटावी, चटका नको. रॉडनं पाणी तापवत असाल तर आधी बटण बंद करा, पिन काढा, रॉड बाहेर घ्या आणि मगच पाण्यात बोट घाला. हे रोज करताना एक दिवसही विसरायचं नाही.

दहा ते पंधरा मिनिटं पाय पाण्यात. तेवढ्यात पंचा गरम पाण्यात पिळून गुडघ्यावर गुंडाळायचा, वरून कोरडा टॉवेल. पंचा निवला की पुन्हा पिळायचा. पाय पाण्यात असतानाच घोटे गोल फिरवायचे, बोटं वर-खाली करायची. मग पाय पुसून लगेच व्यायाम. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट आवळायची, पाच अंक मोजायचे आणि सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. एवढंच. उठताना फरशी ओली नाही ना, तेवढं बघा. गुडघा बरा करता करता घसरून हात मोडायचा!

पाण्याची चणचण असेल तर मन खाऊ लागतं, हे मला ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये बादलीभर पाणी पायावर घालवायचं म्हणजे पाप वाटतं. पण ते पाणी वाया कुठे जातं? त्यानंच मी फरशी पुसते, उरलेलं संडासात किंवा तुळशीखेरीजच्या कुंड्यांना. अगदीच टंचाई असेल तेव्हा तांब्याभर पाण्यात पंचा पिळून नुसता शेक घेते.

आता महत्त्वाचं. गरम पाणी सगळ्यांना आणि सगळ्या वेळी चालत नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा मुरगळ ताजी असेल, तर गरम शेक नको. तिथे बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, उघडा बर्फ कातडीला लावू नये. एकाच पोटरीला अचानक सूज येऊन दुखत असेल, तर शेकत-चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदयाचा त्रास, न आवरलेला रक्तदाब, पायावर जखम किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारून घ्या. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला वेळेवर औषधच लागतं, पाण्यावर महिने घालवू नका.

आणि मधुमेह! याची गोष्ट आमच्याच घरात घडली. सुरुवातीला सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, “काहून वं पोरी, इतकं चांगलं पाणी पायालेच ओततं?” पंधरा दिवसांनी त्यांचा सूर बदलला. “मलेही दे वं एक बादली.” त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे, आणि तळव्यांना मुंग्या येतात. अशा पायांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही. भाजलं तरी कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. मी म्हटलं, “आई, तुमच्या पायांना नाही चालणार.” झालं! दोन दिवस अबोला. स्वतःला बादली आणि म्हातारीला नाही, असंच त्यांना वाटलं असणार.

तिसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्याच तोंडून ऐकवलं. आता त्यांचा आखडलेला खांदा मी कोमट पंचानं शेकते, दर वेळी आधी माझ्या मनगटावर लावून बघते. पाय मात्र रोज साध्या पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, कुठे चीर-फोड नाही ना ते पाहते. त्या निमित्तानं आम्ही दोघी रोज वीस मिनिटं शेजारी बसतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्यांच्या माहेरच्या विहिरीची, तिथून डोक्यावर दोन-दोन हंडे आणण्याची गोष्ट मी आत्ता पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या दुखण्यालाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

सगळ्यांत अवघड काय गेलं, सांगू? पाणी तापवणं नव्हे, तो अर्धा तास मागणं. पहिल्या आठवड्यात मी बसले रे बसले की कुणाला चहा हवा असायचा, कुणाचा मोजा सापडत नसायचा. एक दिवस ह्यांना शांतपणे सांगितलं, “डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असत्या तर तुम्ही त्या वेळेवर आणल्या असत्या. हीच माझी गोळी आहे, रोज साडेतीनची.” ‘हे’ काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मुलीला म्हणाले, “आईला आत्ता हाक मारू नकोस, मोजा मी शोधतो.”

चार महिने झाले. जिना कठडा न धरता चढते. सकाळचा आखडलेपणा दहा मिनिटांत सुटतो. उकिडवं बसणं अजून जमत नाही, आणि बहुधा पुढेही टाळावंच लागेल. म्हणून भाकरी आता ओट्यावर उभ्यानं थापते. चव तीच लागते असं सासूबाईंनी परवा कबूल केलं! पावसाळी हवेत गुडघा अधूनमधून कुरकुरतो. व्यायाम चुकला की तर हमखास.

तेव्हा मैत्रिणींनो, दुखणं पंधरा दिवसांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मग घरातली एक बादली आणि एक वेळ स्वतःच्या नावानं राखून ठेवा. सुरुवात उद्यापासून करा. आणि शेकून झालं की लगेच कामाला उठू नका बरं का! त्या दहा-दहा वेळा पाय उचलण्यातच खरा उपचार आहे.