हाकेला ओ

माझे बालपण वसईकडच्या एका गावात गेले. रात्री अंगणातून कुणी नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा आमच्या आजीचा दंडक होता. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. जे माणूस नाही ते एकदाच मारते, असे ती म्हणे. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो आणि आजीचा दंडक मागे पडला. तरी हाक आणि ओ यांच्यामध्ये काहीतरी जोखमीचे असते, ही जाणीव मनाच्या तळाशी राहिली. तिचा उलगडा मला पन्नाशी उलटल्यावर झाला, तोही डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या एका घरात, एका शाळकरी मुलाच्या शेजारी बसून.

एका रविवारी मिस्सानंतर त्या मुलाची आई मला भेटली. "फादर, हा मोबाईलवर राक्षस बोलावतो. सैतानाचीच नावं सगळी! यंदा त्याचं दृढीकरण आहे. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा." हे कुटुंब मूळचे श्रीरामपूरकडचे. ती ठाण्याला नोकरी करते, नवरा भिवंडीच्या गोदामात पाळीवर जातो. शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत मुलगा घरी एकटा. पूर्वी सोबतीला आजी असे. ती आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात वारली. हे मला ठाऊक होते; किती ठाऊक होते, ते पुढे सांगतो.

शनिवारी दुपारी मी गेलो. उपदेशाचे दोन शब्द तयार होतेच. मुलाने मात्र निमूटपणे मोबाईल माझ्यासमोर धरला आणि समजावून सांगू लागला. या खेळांत आपण एका काल्पनिक देशातले प्रवासी होतो. वाटेत लढाया होतात. आपले बळ अपुरे पडले, की एखाद्या अद्भुत प्राण्याचे आवाहन करायचे. तो प्रकट होतो, शत्रूवर एक प्रचंड प्रहार करतो आणि अंतर्धान पावतो. याला मुले 'समन' म्हणतात. आपल्याला 'समन्स' हा शब्द कोर्टामुळे माहीत आहे, मूळ एकच.

जपानमधील 'फायनल फँटसी' या खेळमालेत हे आवाहन १९९० साली, तिसऱ्या खेळात आले. आवाहन केलेल्यांची नावे ऐकून मी चकित झालो. ओडिन हा उत्तर युरोपातील प्राचीन देव. इफ्रित अरबी कथांतला. 'शिवा' नावाची चक्क एक हिमदेवी! अरबी कथांत पृथ्वीचा भार वाहणारा महामत्स्य बहामूत येथे ड्रॅगनांचा राजा झाला आहे. त्याला हे रूप मिळाले ते अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून. त्या खेळाविषयीही १९८०च्या दशकात तिकडच्या ख्रिस्ती पालकांनी असेच भय बाळगले होते. त्या माउलीची भीती काही नवी नव्हती.

आणि मग पडद्यावर लिव्याथान आला. हा तर आमच्या घरचा! ईयोबच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबला विचारतो, की हा जलचर तुझ्याशी करार करील काय, जन्मभर तुझा चाकर होईल काय? उत्तर अर्थातच 'नाही' असे आहे. आणि येथे डोंबिवलीतील एका मुलाच्या अंगठ्याच्या स्पर्शासरशी तो लाटा घेऊन हजर होत होता. मी म्हणालो, "बाळा, इतक्या मोठ्या प्राण्याला बोलवायला खर्च काय येतो?" त्याने पडद्याच्या कोपऱ्यातील जादूबळाचा आकडा दाखवला. तो थोडा कमी झाला होता, इतकेच.

मला वाटले, उपदेशाची जागा सापडली. जुन्या कथांत आवाहन कधी स्वस्त नसते. शौल राजाने एनदोरच्या स्त्रीकडून मृत शमुवेलास वर बोलावले, तेव्हा त्याला मदत मिळाली नाही, दुसऱ्या दिवसाच्या मरणाची वार्ता मिळाली. वेताळपंचविशीतला विक्रम वेताळाला आणायला जातो, तर वेताळच त्याच्या पाठीवर बसतो आणि त्याला प्रश्न विचारतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि चपला झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी त्या झिजलेल्या चपलांतला अर्थ आपल्याला कळण्यासारखा आहे. हाकेला धावून येणाऱ्याचे काहीतरी झिजतेच. हे सारे मी मुलाला सांगितले आणि म्हणालो, "तुझ्या खेळात मात्र कुणाचेच काही झिजत नाही."

"तसं नाही, फादर," तो म्हणाला आणि चौथ्या खेळाची कथा सांगू लागला. हा खेळ १९९१ सालचा. आता तो मोबाईलवरही मिळतो. सेसिल नावाचा सरदार राजाज्ञेने मिस्ट या गावाकडे निघतो. वाटेतील गुहेत धुक्याचा ड्रॅगन आडवा येतो, त्याला तो ठार करतो. गावात पोहोचतो तर एक लहान मुलगी आईच्या प्रेतापाशी रडते आहे. ड्रॅगनचे आवाहन त्या आईने केले होते. तो मेला, म्हणून तीही मेली.

"पण ती का मेली?" मी विचारले.

"तिनेच त्याला बोलावलं होतं ना. बोलावलं की दोघं बांधले जातात." थोडा वेळ थांबून, खाली पाहत तो म्हणाला, "आजीच्या वेळी मी तुम्हाला तीनदा फोन केला होता."

वाचकहो, माझे दोन शब्द तेथेच संपले. त्या रात्री मी ठाण्याहून एक सभा आटोपून भिजत परतलो होतो. फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. दर पहिल्या शुक्रवारी मी त्या आजीला ख्रिस्तप्रसाद द्यायला जात असे. ती काळजीने अधूनमधून असा फोन करी, म्हणून मी मनाशी म्हटले, सकाळी पाहू. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी तो पालथा ठेवला. पहाटे ती गेली, रुग्णाभ्यंगाविना. दफनाच्या वेळी मी घरच्यांना सांगितले, की पावसामुळे गाड्या बंद होत्या. गाड्या बंद नव्हत्या, उशिरा धावत होत्या. आणि मी तर केव्हाच डोंबिवलीत पोहोचलो होतो. वेतोबाच्या चपला झिजतात. माझ्या त्या रात्री दाराशी वाळत पडल्या होत्या.

मी मुलाला खरे ते सांगितले आणि क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पाणी मात्र आणून दिले. रात्री आठ वाजता आई आली, तिलाही सांगितले. ती बराच वेळ भिंतीवरच्या सासूच्या छायाचित्राकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "शेवटपर्यंत त्या दाराकडे बघत होत्या, फादर." मग पदर सावरून तिने विचारले, "आणि त्या खेळाचं काय करू?"

मी म्हणालो, "बंद करू नका. घरी आल्यावर त्याच्याजवळ बसा आणि आज कुणाला बोलावलंस ते विचारा. रिकाम्या घरातून तो हाका मारतो आहे, आणि येणारे फक्त तेच आहेत."

पुढे दृढीकरणाच्या दिवशी मुलांची नावे एकेक करून पुकारली गेली. त्याचे नाव आले. पहिल्याच हाकेला तो उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात त्याने ओ दिली. मागच्या बाकावर त्याचे आईवडील दोघेही होते. माझा फोन आता रात्री उशाशी असतो, उताणा.