ताकुमीचं पुढे काय झालं?

'कामेन रायडर फाइझ' या जपानी मालिकेचा शेवट मी आधीच सांगून टाकते, कारण मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच. जानेवारी २००३मध्ये सुरू झालेली ही मालिका पुढच्या जानेवारीत ५०व्या भागावर थांबली. शेवटच्या प्रसंगात नायक इनुई ताकुमी आणि त्याचे सोबती मारी आणि केइतारो हिरवळीवर आडवे पडले आहेत. ताकुमीचे फार दिवस उरलेले नाहीत. त्याच्या हातातून राख झरताना आपण पाहिलेली असते. स्वप्नांचा विषय निघतो. आजवर ज्याला स्वप्नच नव्हतं तो ताकुमी म्हणतो, मला सापडलं. लाँड्रीवाल्या केइतारोचं जे स्वप्न, तेच त्याचं: जगातलं सगळं धुणं पांढरंशुभ्र व्हावं, तशी सगळी माणसं सुखी व्हावीत. मग तो डोळे मिटतो. झोपला की गेला, मालिका सांगत नाही.

मी मालिका लिहीत आले आणि आता पटकथा शिकवते. वर्गात हा शेवट दाखवला की तक्रार ठरलेली: "मॅडम, हे अर्धवट सोडलंय." मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही हे समजायला फाइझचं जग थोडं माहीत हवं.

या जगात काही माणसं मरतात आणि परत उठतात. उठतात ती 'ऑर्फनॉक' होऊन, म्हणजे मनात आलं की राक्षसी रूप घेणारा नवा जीव. स्मार्ट ब्रेन ही बलाढ्य कंपनी त्यांची. माणूस संपवून पृथ्वीवर आपलं राज्य आणायचं, हा तिचा बेत. त्यांच्याशी लढायला एक पट्टा आहे. घडीच्या मोबाइलवर तीनदा पाच दाबायचं, मोबाइल पट्ट्यात अडकवायचा, की माणूस फाइझ होतो. पण पहिल्याच भागात मारी हा पट्टा लावून बघते आणि काही होत नाही. वाटेत भेटलेल्या तिरसट ताकुमीला मात्र तो चालतो. का? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवलेल्या या प्रश्नाचं उत्तर येतं दोन तृतीयांश मालिका उलटल्यावर. फाइझचा पट्टा मुळात ऑर्फनॉकांसाठीच आहे. ताकुमी स्वतःच ऑर्फनॉक आहे.

या एका उलगड्यासाठी मी ही मालिका पुन्हा पुन्हा शिकवते. आजवर ज्यांना मारलं ते आपलेच होते, हे ताकुमीला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याचा तुटकपणा, कुणाला जवळ न येऊ देणं, आधीच्या सगळ्या प्रसंगांचा अर्थ मागे जाऊन बदलतो. आणि त्याच्यासमोर उभा असतो किबा युजी. अपघातानंतर २ वर्षं बेशुद्ध पडून मेलेला आणि उठलेला हा सभ्य मुलगा. घर काकानं बळकावलेलं, प्रेयसी चुलतभावाची झालेली. तो प्रेयसी आणि चुलतभाऊ या दोघांचा जीव घेतो, आणि तरीही नंतर माणूस आणि ऑर्फनॉक यांनी एकत्र राहावं, यासाठी झटतो. ताकुमी आणि किबा माणूस म्हणून एकमेकांना ओळखतात. रूप पालटून एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा समोर कोण आहे, हे कितीतरी भाग दोघांनाही कळत नाही. लेखक इनोउए तोशिकी यांची ही खासियत. त्यांच्या पात्रांनी पाच मिनिटं मोकळेपणी बोलून घेतलं असतं, तर निम्मा अनर्थ टळला असता.

आता शेवटाकडे. ऑर्फनॉकांची वाढ इतकी झपाट्यानं झालेली असते की शरीराला ती झेपत नाही. ते लवकरच मरणार. वाचवू शकतो तो फक्त त्यांचा राजा, तोही माणूसपण काढून घेऊन. या राजाला ताकुमी पाडतो. स्वतःच्या जगण्याची एकमेव वाट त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलेली असते. म्हणून डोळे मिटल्यावर तो गेला की झोपला, यानं काही फरक पडत नाही. आज नाहीतर उद्या. निर्णय झालेला आहे, आणि तो आपण पाहिलेला आहे. कथा इथे पूर्ण आहे.

म्हणजे फाइझमध्ये काहीच निसटलं नाही, असं माझं म्हणणं नाही. निळ्या पोशाखातली, लहान मुलांशी बोलावं तसं लाडेलाडे बोलणारी स्मार्ट लेडी कोण होती? शेवटच्या भागात ती निरोप घेते आणि जाते, बस. ऑर्फनॉकांना पकडून त्यांच्यावर प्रयोग करणारं पोलिसांचं पथक उशिरा येतं, किबाच्या सोबतिणीचा, युकाचा जीव जाण्याआधी तिला पुरतं छळतं आणि थोड्याच भागांत कथेतून जवळजवळ गायब होतं. हे धागे निसटलेच, आणि लेखिका म्हणून ते मला खटकतात. पण ते का निसटले, हे समजतं. दर रविवारी सकाळी एक भाग, वर्षभर. मधे ऑगस्टमध्ये चित्रपट. खेळण्यांच्या बाजारासाठी नवी रूपं, नवी शस्त्रं. आणि ५०च्या ५० भाग एकट्या माणसानं लिहिलेले. तयार भागांची बँक संपत आल्यावर कथेचा ट्रॅक कसा गुंडाळला जातो, हे ज्यांनी रोजची मालिका लिहिली आहे त्यांना सांगायला नको. उलट ताकुमा या दुसऱ्याच पात्राचं बघा. ऑर्फनॉकांतला हा गर्विष्ठ लढवय्या घाबरून पळ काढतो, आणि अखेरीस बांधकामावर मजुरी करताना दिसतो. जेमतेम एक प्रसंग, पण त्या पात्राचं देणं फिटलं.

दोन वर्षांनी आलेली 'कामेन रायडर हिबिकी' ही खरी अर्धवट राहिलेली मालिका. २९ भागांनंतर निर्माता बदलला, लेखक बदलले, कथेची चालच बदलली. अंतिम संकटाच्या ऐन लढाईतून कथा थेट एक वर्ष पुढे उडी मारते. संकट टळलं कसं, ते दाखवलंच नाही. शत्रूपक्षातल्या उंची कपड्यांतल्या जोडप्याच्या मागे कोण, तेही तसंच लटकलेलं. हे मौन कथेनं मागितलेलं नव्हतं. ते निर्मितीच्या गोंधळातून आलं. प्रेक्षक दोन्हींना 'उत्तर दिलं नाही' म्हणून एकाच पारड्यात टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि मग २ फेब्रुवारी २०२४ रोजी फाइझचा २० वर्षांनंतरचा चित्रपट आला, 'पॅराडाइज रिगेन्ड'. लेखक तेच, ताकुमी आणि मारीचे कलाकार तेच. ताकुमी जिवंत आहे. त्यांना पुन्हा एकत्र पाहताना मलाही भरून आलं, ते नाकारत नाही. पण 'आज नाहीतर उद्या'ची वीस वर्षं झाली, की राजाला पाडण्याची किंमत उतरते. मूळ लेखकानंच उत्तर दिलं म्हणून ते उत्तर हवंच होतं, असं होत नाही. माझ्या मते ही चूक आहे.

मालिका पाहिली नसेल तर एक विनंती: आधी ५० भाग ओळीनं पाहा, आणि चित्रपट लावण्याआधी निदान काही महिने जाऊ द्या.