दिडाचें शून्य

धायरीस सिंहगड रस्त्याच्या अंगास आज उंच इमारती झाल्या असल्या, तरी आमच्या घरीं दूध अजून किटलींतून, मापानें येतें. हिशेब आजी ठेवते. दिनदर्शिकेच्या चौकटींत ती रोजचें माप लिहिते. बहुधा १, तर कधीं १ च्या पुढें दोन उभ्या रेघा. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां दोघां भावांस वाटलें कीं, ही बेरीज यंत्रानें करावी. म्हणून आम्हीं एक लहानशी आज्ञावली लिहिली. तींत चित्रें नाहींत, बटनें नाहींत. आजीचे आंकडे जसेच्या तसे एका फाइलींत उतरावे, काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावी, कीं खालीं उत्तर उमटावें.

भाषा निवडली रस्ट. हिची पहिली स्थिर आवृत्ति १५ मे २०१५ रोजीं निघाली. हींत प्रत्येक वस्तूचा प्रकार ठरलेला असतो. लिटर व रुपये हे आम्हीं निराळे प्रकार केले; चुकून त्यांची बेरीज मांडली, तर कंपायलर आज्ञावली तयारच करीना! देवनागरी अंकही तिला आपोआप कळत नाहींत. ते दहाही आम्हांस शिकवावे लागले. शिवाय लिहिलेल्या अक्षरांचा अंक करूं जावें, तर ‘न जमल्यास काय?’ हा प्रश्न ती पुढें ठेवतेच. आम्हांस घाई होती. ‘न जमल्यास शून्य धर’ असें लिहून आम्ही मोकळे झालों. कंपायलरचें समाधान झालें, आमचेंही झालें. त्याच रात्रीं क्रेट्स.आयओ ह्या सार्वजनिक भांडारांत ०.१.० ह्या क्रमांकानें आमची कृति प्रसिद्ध झाली. आनंदानें झोंप आली नाहीं.

महिनाअखेर गवळीमामांनीं ३२ लिटर सांगितले, यंत्रानें २६. आम्ही तोंड वर करून म्हणालों, “मामा, सहा लिटर जास्त लावलेत.” मामा कांहींच बोलले नाहींत. आजीनें दिनदर्शिका मांडीवर घेतली व चार चौकटींवर एकेक बोट ठेवीत विचारलें, “अरे, माझे हे दीड कुठें गेले?”

त्या दोन रेघा म्हणजे अर्धा! जुन्या लोकांची ही रीत आम्हांस ठाऊक नव्हती, आणि आम्हीं कोणास विचारलीही नव्हती. सव्वीस दिवसांचे २६ आणि चार दिडांचे ६. मामांचा हिशेब चोख होता. चारही दीड आमच्या ‘शून्य धर’ ह्या आज्ञेनें गिळले होते. आम्हीं मामांची क्षमा मागितली.

आतां न कळणारी खूण दिसली कीं आज्ञावली थांबते आणि तारीख दाखविते. ही सुधारणा ०.१.१ ह्या क्रमांकानें निघाली, व तिच्यासोबत आपली चूकही आम्हीं लिहून टाकली. कारण भांडारांत एकदां गेलेली आवृत्ति त्याच क्रमांकानें बदलतां येत नाहीं. नव्यांनीं ती घेऊं नये, एवढी खूण मात्र करतां येते. मामांस बोललेल्या शब्दाचेंही तसेंच आहे.

वाचकहो, कंपायलर प्रकार तपासतो. खरेंखोटें तपासणें आपल्याकडेच राहतें. हल्लीं मामा हिशेबास येण्यापूर्वीं आम्ही यंत्राचें उत्तर आधीं आजीस दाखवितों.