डब्यातली जुनी माती

आपल्या महाड-पोलादपूरकडे दारातली कुंडी म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, फुटका हंडा, नाहीतर खताची गोणी. त्यात भरायची माती फुकट येत नाही. उताराची माती दर पावसाळ्यात सावित्रीकडे वाहून जाते, मागे खडक राहतो. मग घरच्या बाईने बांधावरून घमेल्याने माती वाहायची. म्हणूनच 'गेल्या सालची माती टाकू की ठेवू?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

पोलादपूरकडच्या एका वाडीत दिवाळीनंतर एका वहिनींनी हेच विचारले. मी मोटारसायकलवरून न उतरताच म्हणालो, "टाकता कशाला? शेणखत मिसळा आणि लावा वांगी!" त्यांनी वीस डबे लावले. मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातून निघायचे होते. दीड महिन्याने गेलो, तर हिरवीगार झाडे माना टाकून उभी. पाने पिवळी नाहीत, कीड नाही, डब्यात ओल आहे, आणि झाड मेलेले. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. चहा दिला. तो चहा मला जड गेला.

मग चौकशी केली. आदल्या साली त्याच डब्यांत टोमॅटो होते आणि तेही असेच बसले होते. हे मी आधी विचारायला हवे होते. मेलेल्या झाडाचे खोड मुळाजवळ कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरले. थोड्याच वेळात कापल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे उतरू लागले. हा जिवाणूंचा मर रोग. तो मातीत राहतो. वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडे त्याला सापडतात. शेणखताने तो जात नाही.

असली माती भाजीच्या वाफ्यावर टाकू नका. नारळाच्या बुंध्याशी टाका, पण तिथून पाणी भाजीकडे वाहत नाही हे पाहून.

रोग नसेल तर मात्र जुनी माती जरूर वापरा. ती खाली बसलेली असते, कारण तिच्यातले शेणखत कुजून संपलेले असते. डबा पालथा करा, ढेकळे फोडा, मुळ्या वेचून काढा. एप्रिल-मेच्या उन्हात माती ओली करून चार-सहा बोटे जाडीने पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. पुष्कळशा बुरश्या, सूत्रकृमी आणि तणाचे बी मरते. मर रोगाच्या जिवाणूंचा मात्र याने भरवसा धरू नये. नंतर दोन घमेली मातीला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, थोडे भाताचे तूस आणि मूठभर निंबोळी पेंड. आपली माती आंबट, म्हणून चुलीची राखही चालते, पण चिमूटभरच. डब्याच्या बुडाची भोके मोकळी आहेत ना, तेही बघा.

जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडात काहींनी घरात आलेला गाळच कुंड्यांत भरला. नदीकाठचा गाळ चांगला खरा, पण बाजारपेठेतून फिरून आलेल्या, तेलाचा वास मारणाऱ्या गाळात भाजी लावू नये.

त्या वहिनींनी पुढच्या साली नवी माती आणून डब्यांत चवळी आणि लाल माठ लावला. बाजारात विकलाही. वांगी मात्र अजून लावलेली नाहीत, आणि मीही आग्रह केलेला नाही.