पड टाकलेलं वर्ष

कुस्कोमधल्या स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी एक वाक्य पुरं करायला सांगितलं. ‘सोय...’ म्हणजे ‘मी... आहे’. शेजारचा मुलगा म्हणाला, मी शिक्षक आहे. पलीकडची म्हणाली, मी परिचारिका आहे. माझी पाळी आली आणि वाक्य अडकलं. पुण्यातली नोकरी सोडून जेमतेम दहा दिवस झाले होते. पाच वर्षं न अडखळता दिलेलं उत्तर आता खरं उरलं नव्हतं.

पेरूत वर्षभर राहायचं म्हटल्यावर घरच्यांना धास्ती होती डोंगरांची. डोंगर अवघड होतेच. सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या कुस्कोत पहिला आठवडा जिना चढतानाही धाप लागायची. कोकाच्या पानांचा चहा घोट घोट घेत पडून राहायचे. पुढे साल्कान्ताईची ४,६०० मीटरवरची खिंड चढताना दर वीस पावलांवर थांबावं लागलं. पण खिंड ओलांडली की तिची भीती मागे राहते. ते अर्धं वाक्य मात्र माझ्यासोबत चालत राहिलं.

मग पिसाक गावाच्या वरच्या अंगाला एका केचुआ कुटुंबाकडे काही महिने राहिले. शेतात राबायचं, त्यांच्याच चुलीपाशी जेवायचं. घरातल्या आजींना मी ‘मामिता’ म्हणायचे. त्यांची भाषा केचुआ, माझी मराठी. दोघींचीही स्पॅनिश उसनी, त्यामुळे चुकायची लाज कुणालाच नव्हती. पेरूत बटाट्याच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. मामितांच्या एकाच टोपलीत काळे, जांभळे, गुलाबी बटाटे निघत. त्यातल्या एका गाठाळ जातीचं केचुआ नाव आहे ‘सुनेला रडवणारा’, कारण तो सोलता सोलता जीव मेटाकुटीला येतो. ते ऐकून मला आमच्या गावच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं.

एका सकाळी उतारावरचं मोठं मोकळं रान दिसलं. गवत माजलेलं, मेंढ्या आणि लामा चरत होते. हे असंच का सोडलंय, मी विचारलं. मामिता म्हणाल्या, ‘ला तिएर्रा एस्ता देस्कान्सान्दो.’ जमीन विश्रांती घेतेय.

आपण जमीन पड टाकतो, तेच हे. एक वर्ष बटाटा, मग ओकासारखी दुसरी कंदमुळं किंवा बार्ली, मग काही वर्षं पड. तेवढ्या काळात चरणाऱ्या जनावरांच्या लेंड्यांनी माती कसदार होते, आपल्याकडे धनगराची मेंढरं शेतात बसवल्यावर होते तशी. आणि बटाट्याच्या मुळांवर जगणारे सूत्रकृमी खाद्य न मिळाल्यानं कमी होतात.

स्पॅनिशमध्ये ‘असणं’ दोन क्रियापदांत वाटलेलं आहे. ओळख सांगायला ‘सेर’, सध्याची अवस्था सांगायला ‘एस्तार’. माझं ‘सोय’ पहिल्यातलं, मामितांचं ‘एस्ता’ दुसऱ्यातलं. व्याकरणानं तिथं ‘सेर’ आलंच नसतं, तरी त्या दिवशी माझ्या मनावरची गाठ सुटली. मी कोण आहे, याचं उत्तर तयार नसलं तरी मी कशी आहे, हे सांगता येत होतं. कुणाची बढती झाली, कुणी फ्लॅट घेतला, या हिशेबांनी पोसलेली माझ्या आतली कीडही त्या वर्षी उपाशी राहिली.

पण मामितांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी पड जास्त वर्षं असे. आता खाणारी तोंडं वाढली, पड आखूड झाली. आणि कुठला उतार कधी विसावायचा, हे एकट्यानं ठरत नाही, गाव मिळून ठरवतं. एकाचं रान पड पडलं की दुसऱ्या उतारावरच्या पिकावर सगळ्यांनी जगायचं असतं.

त्या रात्री मला धाकटा भाऊ आठवला. मी इथं डोंगर पाहत होते, तेव्हा घराचा हप्ता तो एकटा भरत होता. मी ज्याला माझं धाडस म्हणत होते, ते त्याच्या पिकावर उभं होतं.

परतल्यावर एका मुलाखतीत विचारलं, या मधल्या वर्षात काय केलंत? मी म्हणाले, जमीन पड टाकली होती. नोकरी मिळाली. आता हप्ता मी भरते. जूनपासून भावाचं रान पड पडणार आहे. त्यानं अजून देश ठरवलेला नाही, आणि मी विचारलेलंही नाही.