यॉर्कच्या नावाविषयी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

यॉर्कचे आर्चबिशप सहीत 'एबोर' असं का लिहितात, हे तू विचारलंस, फार बरं वाटलं. ते रोमन 'एबोराकुम'चं संक्षिप्त रूप. इ.स. ७१च्या सुमारास रोमनांनी ऊज नदीकाठी छावणी घातली, आणि ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या नावाने सम्राटपदाची द्वाही तिथेच फिरली. पण नाव मुळात रोमनांचंही नव्हे. तिथल्या ब्रिटन लोकांचंच नाव त्यांनी लॅटिनच्या वळणावर नेलं. 'यू' या सदाहरित झाडांची जागा, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

मग अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना त्यात आपला 'एओफोर', म्हणजे रानडुक्कर, ऐकू आला. व्यापारी वस्तीचा 'विक' पुढे लागून 'एओफोरविक' झालं. झाडाच्या जागी डुक्कर आलं! ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं आणि त्यांच्या तोंडी ते 'योर्विक' झालं. त्यांच्या भाषेत 'विक' म्हणजे खाडी, आणि यॉर्कला तर खाडी नाही. नॉर्मनांच्या १०८६च्या 'डूम्सडे बुक' या जमीनपाहणीच्या नोंदवहीत परगण्याच्या नावाची सुरुवात 'एउरविक' अशी आहे. पुढे योर्विक आखडत 'यॉर्क' झालं, तरी कित्येक शतकं लिहिणारे 'यर्क', 'यार्क' असं कानाला येईल तसं लिहीतच होते.

याला अपभ्रंश म्हणायला माझं मन घेत नाही. नाव बिघडलं नाही, ते वापरात राहिलं. एवढ्या जेत्यांपैकी एकानेही ते पुसून नवं लादलं नाही. प्रत्येकाने ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं म्हटलं. उलट १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या मानार्थ त्याला 'न्यूयॉर्क' केलं. ते हुकमाने आलेलं नाव. मला पहिली रीत मोठी वाटते.

आता यॉर्कमध्ये फिरशील तेव्हा तुझ्यासाठी एक काम. तिथल्या जुन्या रस्त्यांच्या नावांतलं 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे, व्हायकिंगांचा 'गाता', म्हणजे रस्ता. तटाच्या वेशीला तिथे 'बार' म्हणतात, म्हणून 'मिकलगेट बार' हे नाव ऐकून गोंधळू नकोस. कॉपरगेटलाही अवश्य जा: ती लाकडी पेले घडवणाऱ्या कारागिरांची आळी, आणि तिथल्या उत्खननात व्हायकिंगांची घरं सापडली. 'गेट' लागलेली जेवढी नावं दिसतील, तेवढी मला लिहून पाठव.

तुझा,
काका