आधी भटारखाना, मग बार

वणी, जि. यवतमाळ
ऑगस्ट 2025

चि. बाबूस,


तू पाठवलेला आराखडा नीट वाचला. श्रावण चालू आहे, दुपारी दोन टेबलं लागली तरी पुष्कळ, म्हणून काउंटरवर बसून सवडीने लिहितो आहे. फोनवर हे बोलणं होत नाही, तू मध्येच ‘हो मामा, पण’ म्हणून गाडी पुढे काढतोस.

तुला यवतमाळला पब काढायचा आहे. निळे दिवे, उंच स्टुलं, शनिवारी गिटारवाला पोरगा. चांगलं आहे, हौस असल्याशिवाय कोणी या धंद्यात पडू नये. पण तुझ्या कागदांत पहिल्या पानावर नाव आणि लोगो आहे आणि परवाना नवव्या पानावर. तो पहिल्या पानावर आण. तुझा पब आणि माझी रेक्झिनच्या सोफ्याची परमिट रूम, दोन्ही सरकारच्या लेखी एकच: एफएल-3. पुण्यात 2009 साली डूलालीने जागेवरच बिअर बनवून विकायला सुरुवात केली, ती मायक्रोब्रुअरी. तिचा परवाना वेगळा, यंत्रं वेगळी, भांडवल वेगळं. तो विचार आत्ता डोक्यातून काढून टाक.

एफएल-3चा अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याआधी तुझ्याकडे खाणावळीचे कागद पाहिजेत, कारण परमिट रूम ही उपाहारगृहाला जोडून मिळते. अन्न परवाना, जागेचा करारनामा, पालिकेची कागदपत्रं, पोलिसांचा चारित्र्य अहवाल, शाळा-देवळापासूनच्या अंतराची मोजणी आणि मंजूर नकाशा. त्या नकाशात काउंटर जिथे दाखवलंस तिथेच ते राहणार. पुढे भिंत पाडून गिटारवाल्यासाठी मंच करायचा म्हटलंस तर पुन्हा परवानगी. म्हणून इंटीरियरवाल्याला बयाणा देण्याआधी नकाशा पक्का कर. आणि घरमालकाशी करार करताना परवाना मिळेपर्यंत भाडं निम्मं ठरवून घे. कागद फिरायला किती महिने लागतील हे कोणी लिहून देत नाही आणि भाडं मात्र पहिल्या तारखेला द्यावं लागतं.

आता मूळ गोष्ट. आपण ज्या कायद्याखाली दारू विकतो, तो 1949चा दारूबंदीचा कायदा आहे. आधी बंदी, मग त्यातून सूट. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, म्हणून तर आपल्या पाटीवर परमिट रूम असं लिहिलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदीची पकड ढिली झाली, 1973 साली देशी दारूचे नियम आले, पण कायद्याचं नाव आणि रोख तोच राहिला. तुझी रोजीरोटी ही एक सूट आहे आणि ती दर 31 मार्चच्या आत फी भरून नवी करून घ्यायची आहे. हे मनात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

ही सूट कशी आक्रसते आणि पसरते ते मी वणीत बसून पाहिलं आहे. वर्धा सत्तरच्या दशकापासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून कोरडा. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपूरही बंद झालं. इकडे आपण वर्धा नदीच्या अलीकडे. वरोरा, घुग्घूसकडची माणसं पूल ओलांडून यायला लागली. खाणीतली पाळी सुटली की टेबल मिळेना. त्या दिवसांत वणीत ज्यांनी कर्ज काढून हॉल वाढवले, एसी लावले, त्यांनी चंद्रपूरची बंदी कायमची धरून हप्ते बांधले होते. 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. तिकडचे बार उघडले आणि इकडचे हॉल ओस पडले. दुसऱ्या जिल्ह्याच्या बंदीवर उभा राहिलेला धंदा दुसऱ्या जिल्ह्याच्या निर्णयाने बसतो. तुझ्या आराखड्यात ‘वर्ध्याहून येणारं गिऱ्हाईक’ असं एक ओळभर लिहिलं आहेस, ते खोडून टाक. आलं तर देव पावला, हिशोबात धरायचं नाही.

रस्त्याचंही तसंच. 15 डिसेंबर 2016 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नाही, अंमल 1 एप्रिल 2017 पासून. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा-पाटणबोरीकडचा रस्ता घे, नाहीतर यवतमाळ-कळंबचा, धंदा म्हणजे महामार्गच. वर्षानुवर्षं चाललेली शटर एका तारखेला खाली आली. पुढे जुलैमध्ये पालिका हद्दीला मोकळीक मिळाली आणि नंतर बाकीच्यांना वाट निघाली. पण मधल्या काळात पगार, भाडं, व्याज कोर्टाने थांबवलं नव्हतं. त्यात जे टिकले त्यांच्याकडे चूल होती. बार बंद, पण जेवण चालू. नुसते पेग भरणारे गेले.

मग बायका. यवतमाळ जिल्हा दारूमुक्त करा म्हणून स्वामिनी दारूबंदी अभियानाच्या बायकांनी काढलेले मोर्चे तू पुण्यात असल्यामुळे पाहिले नाहीस. मी पाहिले आहेत. त्यांच्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या घरच्या बायकाही होत्या आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला कधी म्हणता आलं नाही. गावातल्या, वॉर्डातल्या महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं. उभी बाटली की आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान गेलं. केळापूर-झरीकडच्या पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांत तर ग्रामसभेच्या हाती याहून जास्त आहे. म्हणून शेजारपाजार हा तुझा खरा परवाना समज. दारात दुचाक्या आडव्यातिडव्या नकोत, बाहेर बोंबाबोंब नको, रात्रीच्या बाटल्या नालीत नकोत. समोरच्या घरातल्या म्हातारीला तुझ्या बारचा त्रास झाला की वॉर्डातली पहिली सही तिची पडते.

तुझं गिऱ्हाईक कोण, यावर तू लिहिलं आहेस, ‘मेडिकल आणि इंजिनीअरिंगची मुलं’. अरे, आपल्या राज्यात 25 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कडक दारू देता येत नाही, सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21. कॉलेजातली बहुतेक पोरं या रेषेच्या अलीकडची. वयाचा पुरावा मागायला तुला लाज वाटेल, वेटरला त्याहून जास्त वाटेल, आणि एखाद्या रात्री त्यांच्यातलं कोणी गाडीवरून पडलं तर सगळं तुझ्यावर येईल. तुझं गिऱ्हाईक पस्तिशीच्या पुढचं आहे. कापसाचा व्यापारी, ठेकेदार, कृषी केंद्रवाला, बँकेतला, शाळामास्तर. त्यांना गिटार चालेल, पण कानात बोलता आलं पाहिजे.

आता पैशाचं. जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट, म्हणजे एकाच टेबलाची दोन बिलं. बारमधल्या दारूवरचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 टक्क्यांवरून 10 झाला. यंदा परवाना फी 15 टक्क्यांनी वाढली. आणि जूनमध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. 180 मिलीची क्वार्टर आता कमीत कमी 205 रुपयांना, देशी 80 ला, आणि मधे महाराष्ट्र मेड नावाचा नवा प्रकार 148 चा. या सगळ्याविरुद्ध 14 जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ठेवलं. मीही ठेवलं. दुसऱ्या दिवशी दर तेच होते.

याचा तुझ्याशी संबंध असा की तुझा स्पर्धक दुसरा बार नाही. तुझा स्पर्धक चौकातलं वाइन शॉप आहे. तिथे छापील किमतीत क्वार्टर मिळते, पुढे धाब्यावर, नाहीतर शेताच्या बांधावर बसलं की झालं. तीच क्वार्टर तुझ्याकडे दीडपट पैसे देऊन माणूस का पिईल? पंख्याखाली खुर्ची, स्वच्छ संडास, भांडण नाही, आणि ताटात काहीतरी गरम. पहिल्या तीन गोष्टी कोणीही देईल. चौथी ज्याची चांगली, त्याचा बार चालतो. शेंगदाणे आणि काकडीच्या चखण्यावर पब चालत नाही. पाटोडीचा रस्सा, सावजी मटण, गावरान कोंबडी, ज्वारीची गरम भाकर. फॅमिली हॉलचं दार वेगळं ठेव. त्या दाराने लेकराबाळांना घेऊन येणारा माणूस 2 ऑक्टोबरलाही येतो, निवडणुकीच्या कोरड्या दिवसांतही येतो आणि उद्या जिल्हा बंद झाला तरी येईल.

आता तुझ्या आराखड्यात ज्याचं नावही नाही ते सांगतो. रात्री शटर अर्धं ओढल्यावर काउंटरवर उघड्या बाटल्या ओळीने मांडायच्या. 750चा खंबा म्हणजे 30 मिलीचे 25 पेग. अर्धवट बाटलीत किती पेग उरले ते बघायचं, केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवरून किती गेले ते मोजायचं आणि दोन्ही जुळवून ब्रँडप्रमाणे रजिस्टरला चढवायचं. रोज. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर आधी हेच उघडतो. पण खरी चोरी रजिस्टरमध्ये दिसतच नाही. वेटर वाइन शॉपमधून स्वतःच्या पैशाने खंबा आणतो, भटारखान्याच्या मागे ठेवतो आणि त्यातले पेग तुझ्या दराने तुझ्या टेबलावर विकतो. तुझा स्टॉक थेंबाला थेंब बरोबर, गल्ला मात्र हलका. हे पकडायचं तर सोडा आणि बर्फ मोज. पेग शंभर गेले आणि सोडा दीडशे पेगांचा संपला, तर पन्नास पेग कोणाच्या बाटलीतून गेले हे विचारायला मोकळा. यात नुसता पैसा जात नाही. वाहतूक पास नसलेली बाटली तुझ्या जागेत सापडली तर गुन्हा तुझ्या नावावर लागतो, वेटरच्या नाही. म्हणून माल होलसेलरकडूनच घ्यायचा, पास फाइलला लावायचा आणि प्रत्येक पोराचा नोकरनामा करून घ्यायचा. ‘दोन दिवस ठेवून बघू’ असा माणूस आपल्या धंद्यात ठेवता येत नाही.

हंगामाचंही लक्षात घे. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, बाजारात चुकारा होतो, तिथपासून होळीपर्यंत हातात पैसा फिरतो. मृगापासून पुढे पेरणी, खत, फवारणी, आणि वर श्रावण. पोळ्याच्या करीला एक दिवस तोबा गर्दी, पुन्हा शुकशुकाट. म्हणून पहिल्या हिवाळ्याचा गल्ला बघून बँकेचा हप्ता ठरवू नको, पावसाळ्याचा बघून ठरव. आणि बारमध्ये उधारी नाही. जेवणाची दे, दारूची नाही. या जिल्ह्यात उधारीची दारू म्हणजे पुढच्या कापसावरचं कर्ज, आणि ते कर्ज कुठे जाऊन थांबतं ते यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. बाजारातून चुकारा घेऊन थेट आलेल्या माणसाला मी आधी जेवायला घालतो. दोन पेगनंतर बिल आणतो आणि ऑटोवाल्याला हाक मारतो. काही जण शिव्या देतात. देऊ दे.

ताई तुझ्यावर रागावली आहे, मलाही बोलली. तिला मोठं तत्त्वज्ञान सांगू नको. एप्रिल 2021 मध्ये लॉकडाउनला सगळं बंद असताना आपल्या वणीतच सॅनिटायझर पिऊन सहा-सात माणसं मेली. म्हणजे बंद केलं की माणूस सुटतो असंही नाही, आणि उघडं ठेवलं की आपण पुण्य करतो असंही नाही. आपण मोजून, मापून, बिल देऊन विकतो, वय बघून विकतो, आणि पुरे झालं म्हणून सांगतो. एवढंच तिला सांग, आणि सांगितलंस तसं वाग. भाऊजींना कागद दाखव. त्यांना वकिली भाषा वाचायची सवय आहे, करारातली मेख त्यांना तुझ्याआधी दिसेल.

तू पैसे मागितले आहेस. देतो, पण माझ्या अटीवर. माझे पैसे भटारखान्यात जातील: भट्टी, भांडी, फ्रीज, आचाऱ्याचा सहा महिन्यांचा पगार. परवान्याची फी, काउंटर आणि निळे दिवे तुझे. पहिले सहा महिने नुसती खाणावळ चालव, त्याच जागेत, त्याच नावाने. अर्ज तोवर फिरत राहील. सहा महिन्यांनी जेवणाच्या गल्ल्यातून भाडं आणि पगार निघत असतील तर बार काढ, मी उद्घाटनाला येतो. निघत नसतील तर दारूनेही निघणार नाहीत, तेव्हा जागा सोडून दे आणि भट्टी माझ्याकडे पाठव.

पोळ्यानंतर चार दिवस इकडे ये. दिवसा भटारखान्यात उभा राहा, रात्री माझ्याबरोबर रजिस्टर लिही. आराखड्यातली नऊ पानं त्यानंतर पुन्हा लिहू.

तुझा,
मामा